वाचलेले चारशे बारा

सकू गो,

तुला नि घरच्या सगळ्यांना ताईचा आशीर्वाद. पुण्यात लेकाकडं, भाविककडं मी बरी आहे. फोनवर बोललं की दोन खोल्यांत सगळ्यांना ऐकू जातं, म्हणून हा कागद.

रविवारी तो नि सून प्रियांका मला स्वस्ताच्या मोठ्या दुकानात घेऊन गेले. तिथं भाव करायचा नाय, आधीच कमी केलेला असतो. गेलो तेलाला नि आलो दोन बादल्या घेऊन, एकीवर एक फुकट होती म्हणून. बिलावर छापलेलं, ‘तुमचे ४१२ रुपये वाचले.’

घरी आल्यावर मी हात पुढं केला. म्हटलं, “दे ते चारशे बारा, डब्यात ठेवते.” भाविक पोट धरून हसला. प्रियांका नाय हसली. सोमवारी सकाळी तिनं माझ्याकडं रिक्षाला पन्नास रुपये मागितले, हळूच.

मला तर काय उमगत नाय गो. तू किन्हवलीच्या दुकानातून पावशेर तेल आणतेस, तरी कनवटीला काहीतरी उरतंच ना?

तुझा गुडघा कसा आहे? टोकावड्याला आमच्या घरी गेलीस नि तुझ्या भावजींनी विचारलं, तर एवढंच सांग, पोरं पैसे वाचवतात. बिलावर तसं लिहिलंय.

तुझी,
हिराताई