साडूचा उजेड

४ नोव्हेंबर, रात्री
साडूने पिकअपला मागे दिवे बसवले. दोन. चौकोनी. पांढरेशुभ्र. रिव्हर्स गिअर टाकला की आपोआप लागतात.
बायको संध्याकाळी तिच्या ताईकडे गेली होती. आल्यापासून हा एकच विषय. भाऊजींनी गाडी मागे घेतली की म्हणे सगळी गल्ली दिवसासारखी दिसते. खाली पडलेली टाचणीसुद्धा दिसते. मी विचारलं, टाचणी बघायला पिकअप मागे कशाला घ्यायची? ती आत निघून गेली.
मला हेवा वगैरे अजिबात वाटत नाही. ड्रायव्हरचा उजेड डोक्यात असावा लागतो, बंपरवर नाही.

५ नोव्हेंबर
रात्री एका गिऱ्हाइकाचं कपाट पोचवून घरी आलो. गाडी लावताना शेजारच्या टीचरबाईंची कुंडी फुटली. कुंडी काल तिथे नव्हती. टीचरबाई म्हणतात, लग्न होऊन आल्यापासून तिथेच आहे.
चूक कंपनीची. माझ्या पिकअपला मागे एकच बल्ब, तोही पिवळट. त्याच्यापेक्षा काजवा बरा.
मागच्या उजेडाचं काहीतरी करायला हरकत नाही. साडूने केलं म्हणून नव्हे. सेफ्टी म्हणून.

७ नोव्हेंबर
मोठी बातमी. बेकरीचे मालक पाव पोचवण्याची रात्रीची दुसरी खेप सुरू करताहेत. पहिली साडू करतो. दुसरीसाठी माझं नाव साडूनेच सुचवलं म्हणे. उपकार करायची एक संधी सोडत नाही हा माणूस.
काम हवंच आहे. फर्निचरच्या दुकानातून हल्ली बोलावणं येतं ते नवीन माल आला तरच. बायको फोन वाजला की हातातलं काम टाकून माझ्या तोंडाकडे बघते.
अडचण एकच. बेकरीच्या मागे बोळ आहे. आत गाडी वळत नाही. रस्त्यापासून उलटीच न्यावी लागते, थेट माल चढवायच्या ओट्यापर्यंत. अंधारात. साडू नेतो. साडू नेतो तर मी झोपेत नेईन.
शनिवारी ट्रायल.
ठराव: साडूचे दोन, तर आपले चार.

९ नोव्हेंबर
गाडीच्या इलेक्ट्रिशियनकडे गेलो. चार दिवे म्हटल्यावर त्याचा चेहरा खुलला. बॅटरीवरून वेगळी वायर टाकू, मध्ये रिले बसवू, म्हणजे दिव्यांचा भार फ्यूजवर येत नाही, म्हणाला. साडूने रिले बसवलाय का, विचारलं. हो म्हणाला, मीच बसवून दिला. मग मला नको म्हटलं. कंपनीच्या बल्बच्या वायरलाच जोड. ‘तुम्ही म्हणाल तसं,’ म्हणाला. गुणी माणूस. वाद घालत नाही.
रिव्हर्स टाकला. चारही लागले! रस्त्यावरची माणसं थांबून बघायला लागली. सायकलवरचा एक जण तर उतरलाच. मी काच खाली करून, सहज, कोपर बाहेर काढून बसलो.
मग फ्यूज उडाला. कंपनीचा बल्बसुद्धा गेला. आता काजवाही नाही.

१० नोव्हेंबर
रिले बसवला. साडूच्या रिलेपेक्षा मोठा. इलेक्ट्रिशियन म्हणतो सगळे एकाच मापाचे असतात, पण हातात घेतल्यावर मला फरक कळला.
दिवे जमिनीकडे वळवू का, विचारत होता. म्हटलं, सरळ ठेव. जमिनीवर कोणाला जायचंय? उजेड लांब गेला पाहिजे.
जेवणानंतर गल्लीत प्रात्यक्षिक. बायकोला मुद्दाम खाली बोलावलं. दिवे लागले आणि समोरच्या बिल्डिंगमधले लोक गॅलरीत आले. कोणाचं तरी बाळ उठलं. टीचरबाईंनी वरून विचारलं, काही अपघात झालाय का? बायको डोळ्यांवर हात धरून म्हणाली, ‘काय उजेड पाडलात!’
बऱ्याच दिवसांनी कौतुक केलं.
आरशात मात्र पांढऱ्याशिवाय काही दिसत नाही. सवयीने दिसेल.

११ नोव्हेंबर
साडू दिवे बघायला आला. बघायला कसला, चाचपायला. खाली वाकला, तोंड पार दिव्याला लावलं, एकेकावरून बोटं फिरवली. ‘छान आहेत रे तिन्ही,’ म्हणाला. चार आहेत, मी म्हटलं. ‘हो का,’ म्हणाला आणि पुन्हा चाचपून मोजले.
मुद्दाम. माझा चौथा दिवा त्याच्या डोळ्यांत खुपतोय.
जाताना म्हणाला, थोडे खाली वळव, समोरच्याला त्रास होतो. मी नुसतं हसलो. शनिवारी कळेल कोणाला त्रास होतो ते.

१२ नोव्हेंबर, शनिवार
ट्रायल झाली. दोन दिवे शिल्लक आहेत.

१३ नोव्हेंबर
कालचं नीट लिहून ठेवतो, कारण लोक उगाच तिखटमीठ लावतील.
बोळ दोन्ही बाजूंनी पांढऱ्या चुन्याचा. ही गोष्ट मला आधी कोणी सांगितली नाही. रिव्हर्स टाकल्याबरोबर चारही दिव्यांचा उजेड भिंतींवरून माझ्याच डोळ्यांत. ओट्यावर पाव चढवणारा हमाल ट्रे सोडून दोन्ही हातांनी तोंड झाकून उभा. मालक ओरडत होते. मला वाटलं, ‘या, या’ म्हणताहेत. ते ‘अहो, अहो’ म्हणत होते.
ओटा दगडी आहे. त्याला काही झालं नाही.
पावांचा एक ट्रे सांडला. मालक रागावले नाहीत, ते जास्त लागलं. पाव गोळा करता करता म्हणाले, बघतो, तुमचे साडूच दोन्ही खेपा करतील का विचारतो. तेवढ्यात साडूची गाडी आली. अगदी हळू, गोगलगाईसारखी, पण एका दमात आत. मी बघत नव्हतो. नजर गेली.
बायकोला म्हटलं, त्यांना घाई होती, जमलं नाही. रात्री ती बराच वेळ भांडी घासत होती. भांडी फार नव्हती.

१५ नोव्हेंबर
सकाळी मोठी मेहुणी आली. चहाला हात लावला नाही. साडूच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. चांगलाच वाढलाय. कित्येक महिने कोणाला बोलला नाही, काम जाईल म्हणून. ते दोन दिवे त्यासाठीच. त्या उजेडातसुद्धा ओटा जेमतेम दिसतो, बाकी सगळं अंदाजाने. शनिवारी तुमची गाडी ओट्यावर आदळली हे कळल्यावर घाबरले, म्हणाली. धडधाकट माणसाचं असं होतं, तर माझ्या हातून कोणी चिरडलं जाईल, असं रात्रभर म्हणत होते. काल स्वतःहून डॉक्टरकडे गेले.
बायको रडायला लागली. मी ही वही काढून तेरा तारखेचं पान उघडलं. गोगलगाय लिहिलं होतं मी.
दुपारी साडू स्वतः आला. मालकांशी बोललोय, म्हणाला. मी बरा होईपर्यंत दोन्ही खेपा तू कर. ‘मी शब्द दिलाय, तेवढा सांभाळ.’ मग पिशवीतून त्याचे दोन्ही दिवे काढले, माझ्या फुटलेल्यांच्या जागी स्वतः बसवायला लागला. स्क्रू हाताला लागेना तेव्हा मी त्याचं बोट धरून जागेवर नेलं. मग त्याने तो पिळला.
वाईट वाटलं. खरंच वाटलं.
त्याच्या दिव्यांची काच माझ्या दिव्यांपेक्षा भारी आहे. मला आधीपासून संशय होताच.

१८ नोव्हेंबर
कामाला लागलो. माझे उरलेले दोन दिवे काढून टाकले, साडूचे दोन ठेवले आणि जमिनीकडे वळवले. दोनच पुरतात, हे मी पहिल्यापासून म्हणत होतो.
हमाल बाजूला उभा राहून पत्र्यावर थाप मारतो: एक थाप म्हणजे या, दोन म्हणजे थांबा. चौथ्या प्रयत्नात गाडी ओट्याला लागली. हळूच लागली. मालकांनी मान हलवली. कुठल्या दिशेने ते अंधारात दिसलं नाही, पण होकारार्थीच असणार.

५ डिसेंबर
साडूच्या दुसऱ्या डोळ्याचंही ऑपरेशन झालं. घरात दुसरा विषय नाही. भाऊजींनी चष्म्याशिवाय पेपर वाचला. भाऊजींनी समोरच्या दुकानाची पाटी वाचली. भाऊजी म्हणाले, ताईच्या साडीचा रंग एवढा सुंदर आहे हे मला माहीतच नव्हतं. हे सांगताना बायकोने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी आंधळा आहे.
मला चार दिवस सर्दी आहे. कोणी फळं आणली नाहीत.
कामाचं म्हणाल तर आता तिसऱ्या प्रयत्नात आत जातो. या बोळात माझ्याइतका मुरलेला माणूस दुसरा नाही.

५ जानेवारी
साडू कामावर परतला. डॉक्टरांनी परवानगी दिली. पहिली खेप त्याची, दुसरी माझी, मालकांनी कायमचं ठरवून टाकलं. चला, घरात फोनकडे बघत बसणं संपलं. बायकोने रात्री डबा दिला तेव्हा डब्यावर उगाच हात ठेवून उभी राहिली थोडा वेळ. हे सगळं माझ्या बळावर झालं.
त्याचे दिवे परत द्यायला बेकरीवर गेलो. मनापासून नाही, पण गेलो. राहू दे तुलाच, म्हणाला. मग गाडीत बसला आणि मागे घेतली. मागे कंपनीचा तोच एक पिवळट बल्ब. काजवा. गाडी एका दमात आत. वेगात! ओट्यापासून वीतभरावर थांबली. हमालाला थाप मारायलाच मिळाली नाही, त्याने टाळी वाजवली.
माझ्यासाठी कधी वाजवली नाही.
कसं काय जमतं, विचारलं. ‘अरे, सगळं कसं लख्ख दिसतं,’ म्हणाला. ‘नवीन लेन्स घातली ना डोळ्यांत!’
म्हणजे हे गुपित. तरीच. दिवे, रिले, काच, सगळा पैसा मी चुकीच्या टोकाला घातला.
ठराव: उद्याच डोळ्यांच्या डॉक्टरकडे. साडूच्याच डॉक्टरकडे. लेन्स त्याच कंपनीची, जमलं तर एक नंबर वरची.

६ जानेवारी
डॉक्टरांनी डोळ्यांत थेंब घातले, मशीनसमोर हनुवटी टेकवून बसवलं, बराच वेळ बघितलं. म्हणाले, मोतीबिंदू नाही.
थोडासा? विचारलं.
अजिबात नाही.
निदान सुरुवात?
नाही हो.
दुसरा डोळा बघा म्हटलं. दुसराही बघितला. दोन्ही डोळे उत्तम, म्हणाले. जे समोर आहे ते सगळं तुम्हाला स्वच्छ दिसतंय. गाडी मागे घेताना मग असं का होतं, विचारलं. ते म्हणाले, ते माझ्या खात्यात येत नाही.
बाहेर बायको बाकावर बसली होती. मला बघून उठली. काय म्हणाले डॉक्टर, तिने विचारलं.
सांगितलं, ऑपरेशन करून काही उपयोग नाही म्हणाले.