कॉम्प्युटरला भाकरी ठाऊक नाही

८ ऑगस्ट २००१
आज पुन्हा अडकलं. दुसऱ्याच घासाला, छातीच्या मधोमध. उठून मोरीत गेले, सगळं बाहेर. हे ताटावरून म्हणाले, सावकाश खा की. पाऊण तास सावकाशच खात होते मी! वजन ४३. गिरणीत ज्वारीचं पोतं आता एकटीला हलत नाही.
दुर्बिणीच्या तपासणीत काही सापडलं नव्हतं. परवा नवीन चाचणी, अन्ननलिकेची.

१० ऑगस्ट
नाकातून नळी. आडवं झोपवून पिचकारीने घोट घोट पाणी, दहा वेळा. पडद्यावर रेघा. निकाल कॉम्प्युटर स्वतःच काढून छापतो. छापलं: नॉर्मल. डॉ.नी कागद पाहिला, माझ्याकडे पाहिलंच नाही. मनाचं आहे म्हणाले, गोळ्या दिल्या. ह्यांना तेवढंच हवं होतं. संध्याकाळपर्यंत नेसरीच्या नणंदेलाही फोनवर कळलं, की वहिनीला काही झालेलं नाही.

१५ ऑगस्ट
गोळ्यांनी दिवसभर पेंग. गिरणीत पेंगले तर एक दिवस पदर पट्ट्यात जायचा. आजपासून बंद. कुणाला विचारलं नाही.

१९ ऑगस्ट
नळी घालणारे नदाफभाऊ दळण घेऊन आले. पीठ भरता भरता विचारलंच, मला पाणी कधी अडकत नाही, मग पाणीच का पाजलंत? त्यांनी पिशवी खाली ठेवली. मग म्हणाले, "मशीनला पाणीच ठावं हाय, वहिनी. पाण्याचीच मापं भरल्यात त्यात. भाकरी दिली तर त्याला काय कळणार न्हाय."
पूर्वी कागदाची लांब पट्टी निघायची, डॉ. स्वतः फूटपट्टी लावून वाचायचे म्हणे. आता कशाला वाचतील.
म्हणजे अकरा महिने भाकरी अडकतेय आणि तपासलं काय, तर पाणी. संताप संताप झाला.

२२ ऑगस्ट
डॉ.ना म्हटलं, पुन्हा नळी घाला. गरज नाही म्हणाले. बाहेरच्या बाकावर बसून राहिले. येणाऱ्या प्रत्येक पेशंटला सगळी हकिगत सांगितली. दुपारी आत बोलावलं. शनिवारी या.

२५ ऑगस्ट
डब्यात भाकरी नेली. डॉ. म्हणाले, असं कुठे करतात का?
"मी काय पाणी पिऊन जगत न्हाय, डॉक्टर."
पुन्हा नळी, आधी तेच पाण्याचे दहा घोट, मग भाकरी. पहिला घास गेला. दुसरा अडकला. बोलता येईना, हात वर केला. नदाफभाऊंनी पडद्याकडे बोट दाखवलं. पाण्याच्या वेळी एकामागून एक यायच्या त्या रेघा आता सगळ्या एकदम उठलेल्या. सोडायला आलेले हेही दारातून बघत होते.
कॉम्प्युटरने पाण्याचे घोट मोजले आणि पुन्हा नॉर्मल छापलं. भाकरीचे घास चुकीची नोंद म्हणून वगळले. माझं दुखणंच वगळलं मेल्याने!
डॉ.नी निकालाचा कागद बाजूला ठेवला. रेघांचे सगळे कागद काढायला लावले, ड्रॉवरमधून फूटपट्टी काढली. स्वतः वाचतो, सोमवारी या, म्हणाले. आजार काय, उपाय आहे का, काहीच सांगितलं नाही.

२६ ऑगस्ट
वजन ४२. जेवताना ह्यांनी माझ्या ताटाकडे बघून विचारलं, "लई अडकतंय का गं?" अकरा महिन्यांत पहिल्यांदा. रडू आलं, पण दाखवलं नाही. उद्या सोबत आत येतो म्हणाले.
"या की," म्हटलं. "पण बोलणार मी."