डाव्या पायाचं काम

मंगळवार, दिवेलागण

गाडीचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स गेला, तर ह्यांनी मला न विचारताच मॅन्युअल बसवायला सांगितलं. डाव्या पायानं क्लच दाबायची गाडी मी कधी चालवलेलीच नाही. चाळिशीनंतर गाडी शिकले, तेही डावा पाय नुसता बाजूला ठेवून. ह्याच गाडीनं मी एकटी मारुंजीला आईकडे जाते. आता पुन्हा ह्यांच्या सवडीची वाट बघायची?

शेवटी गॅरेजला फोन केला. "मिस्त्री, काम थांबवा."

"वहिनी, दादांनी तर व्हय म्हनलंय."

"गाडी मी चालवते."

"पर दादांना ठावं हाय का?"

नाही. पण "मी सांगते" म्हणून फोन ठेवला.

ह्यांची मोटरसायकल अंगणात आली. मिस्त्रीचा फोन जायच्या आत मीच सांगणार.