शाळूवरच्या भोरड्या

आये, आज सकाळी कळंब्याच्या तलावावर वहीत एक वंचक काढत होते. मातकट रंगाचा बगळाच तो, चिखलात उभा राहिला की चिखलच वाटतो. शेजारी दोघं-तिघं कॅमेरे लावून बसले होते. त्यांचे फोटो क्षणात झाले नि ते पुढच्या पक्ष्याकडे वळले. मी मात्र मानेची रेघ तीनदा खोडली. चौथ्यांदा जमतेय म्हणेपर्यंत तो पांढरेशुभ्र पंख उघडून निघून गेला. पाय राहिलेच. माझी वही अशा बिनपायाच्या पाखरांनी भरलीय, आणि त्याचं मला काही वाईट वाटत नाही.

तुला जाऊन एकवीस वर्षं झाली. तरी आज अचानक तो शाळूचा हंगाम आठवला. मी अकरा वर्षांची होते. कोडोलीच्या आपल्या रानात मला माळ्यावर चढवून, हातात गोफण देऊन तू बांधाचं गवत कापायला गेली होतीस. मी गोफण बाजूला ठेवलीय आणि गणिताच्या वहीत मागच्या पानावर भोरडी काढतेय. गुलाबी अंग, काळं डोकं, काळे पंख. समोर अख्खा थवा कणसांवर तुटून पडलाय नि मला वाटतंय, बरं झालं, सगळ्या जवळ आल्या. तू धावत आलीस तोवर रानाचा एक कोपरा रिकामा झाला होता. तो शाळू म्हणजे आपली वर्षाची भाकरी. मार बसणार म्हणून मी डोळे मिटून घेतले. तू आधी गोफण फिरवून थवा उठवलास, मग वही हातात घेतलीस. बराच वेळ बघत राहिलीस.

"भोरडीच हाय की," तू म्हणालीस. "पर हिला भूक लागलेली दिसत न्हाय. शाळूवर बसलेली भोरडी अशी निवांत असती व्हय?"

मग मला परत बसवलंस आणि स्वतः शेजारी उभी राहून गोफण मारू लागलीस. एका कडेच्या चार-पाच भोरड्या मात्र उठवल्या नाहीस, माझं चित्र होईपर्यंत.

संध्याकाळी वडिलांनी त्या कोपऱ्याचं विचारलं. "माझाच डोळा लागला," असं तू सांगितलंस. ते दोन दिवस तुझ्याशी बोलले नाहीत. मी दाराआड सगळं ऐकत होते आणि गप्प राहिले. ते गप्प राहणं मला कितीतरी वर्षं खुपत होतं. तू गेल्यावर एकदा त्यांना खरं सांगून टाकलं, तर ते हसले.

"ठावं हुतं मला," म्हणाले. "तुझी आई दिवसा झोपल्याली मी जन्मात बघितली न्हाय."

मग दोन दिवस अबोला कशाला धरलात, मी विचारलं. ती एवढं तुझ्यासाठी खोटं बोलली, म्हणाले, मग मलाबी रागावल्यागत करायला नको?

हे वहीच्या शेवटच्या पानावर लिहितेय. पाठवायचं तरी कुठं? पण घरात कुणाला न सांगितलेली एक गोष्ट तुला सांगते. साखर वाढलीय म्हणून डॉक्टरांनी रोज तासभर चालायला सांगितलंय. मी बूट घालून निघते, दमल्यासारखं तोंड करून परत येते, आणि तलावाला फेरी झाली म्हणून ह्यांना सांगते. आये, मी चालत नाही. बांधावर बसूनच असते.