वरच्या घराचा मालक, मुक्काम खाली

चि. शेंडेफळास,

दाजींचे अनेक आशीर्वाद. तुझी पाठ आता कशी आहे? मुलांच्या परीक्षा पार पडल्या असतील. तुझी ताई खुशाल आहे (असं कळतं). माझीही तब्येत ठीक आहे, फक्त मान तेवढी धरली आहे. ती का धरली ते ओघात येईलच.

तुझं पत्र मिळालं. चार पैसे साठलेत, एखादं घर घेऊन भाड्याने द्यावं म्हणतो, तुम्ही अनुभवी आहात तर मार्गदर्शन करा, असं तू लिहिलं आहेस. त्यात ‘घरबसल्या उत्पन्न’ असेही शब्द आहेत. ते वाचून मी बराच वेळ छताकडे बघत बसलो. (छताकडे बघणं हा हल्ली माझा मुख्य उद्योग आहे. मान त्यानेच धरली.) अरे, भाड्याच्या घरात बसतो तो भाडेकरू. मालक जिने चढतो आणि उतरतो.

तुला माहीतच आहे, आमच्या बरोब्बर डोक्यावरचं घर विकायला निघालं तेव्हा मी ते घेतलं. सगळे जाणकार सांगतात की भाड्याचं घर जवळ असावं, म्हणजे येता-जाता लक्ष ठेवता येतं. मी म्हटलं, याहून जवळ काय असणार? हे जाणकार स्वतः कुठे राहतात याची आधी चौकशी करायला हवी होती. वर कोणी खुर्ची ओढली की खाली माझा घास अडतो, कारण फरशी माझी आहे. ओढणारा मजेत जेवत असतो.

तुझ्या ताईचं म्हणणं पहिल्यापासून वेगळं होतं. वर ऊन येतं, बाल्कनी आहे, तर आपण वर जाऊ आणि खालचं भाड्याने देऊ. तिने इतकी वर्षं भरदुपारी दिवा लावून भाजी चिरली आहे, तेव्हा तिचं अगदीच चूक होतं असं नाही. पण मी नुकताच गुंतवणूकदार झालो होतो, आणि कुठलीही गोष्ट नुकतीच झालेला माणूस कोणाचं ऐकत नाही. मी तिला समजावलं की चांगल्या घराला चांगलं भाडं येतं, अंधाराला कोण पैसे मोजणार, आणि गुंतवणुकीत भावना आणायच्या नसतात. ती म्हणाली, “बरं.” तू तिच्या हाताखाली वाढलास, तुला तिचं ‘बरं’ माहीत आहे. मी मात्र ते होकार म्हणून घेतलं. पुढे वरच्या घराचा रंग तिलाच निवडायला लावला (तिची नजर चांगली आहे), आणि ओटा तिच्याच उंचीचा झाला, कारण गवंड्याला माप हवं होतं तेव्हा समोर तीच उभी होती. खिडकीपाशी बसायला कट्टा करू या, हेही तिनेच सुचवलं. मी खूश झालो, कट्ट्यामुळे भाडं वाढेल म्हणून. आणि मग ते सगळं एका चष्मेवाल्याला देऊन टाकलं.

हा चष्मेवाला म्हणजे कोपऱ्यावर चष्म्याचं दुकान चालवणारा तरुण, आणि सोबत त्याची आई. भाडेकरू पारखून घ्यावा असं मी तुला सांगणार होतो, पण मी पारखून घेतला तोच मला नडला. वाईट भाडेकरूशी भांडता येतं, त्याला घालवता येतं. चांगल्याचं काय करायचं? भाडं वेळेवर, आवाज मऊ, जिन्यात भेटला की हातातली पिशवी घेणार. एकदा मनाचा हिय्या करून मी भाडं वाढवायला वर गेलो. करारनामा वाचून दाखवायला धरला, तर तो म्हणाला, “काका, कागद इतका लांब का धरलाय?” त्याने मला त्या कट्ट्यावर उजेडात बसवलं, दुसऱ्या दिवशी दुकानात बोलावलं, आणि भाडं होतं तिथेच राहून मला नवा चष्मा लागला. त्याच चष्म्यातून मला आमच्या छतावरचा ओलाव्याचा डाग प्रथम स्वच्छ दिसला.

मी रीतसर माणूस. सोसायटीकडे लेखी तक्रार केली की वरच्या घरातून गळतं, तरी बेजबाबदार मालकास समज द्यावी. सेक्रेटरी माझ्याहून रीतसर. त्यांनी ती तक्रार नियमाप्रमाणे वरच्या मालकाकडे, म्हणजे मलाच, पाठवून खुलासा मागितला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पण खरं सांगतो, ‘बेजबाबदार’ हा शब्द माझाच असूनही वाचताना माझा संताप झाला, आणि मी ताडकन उत्तर दिलं की खालच्या रहिवाशाला तक्रारींची खोडच आहे. तेव्हा सेक्रेटरींनी समेटासाठी दोन्ही पक्षांना बोलावलं. मी गेलो, तर दुसरा पक्ष येईपर्यंत थांबा म्हणून त्यांनी मला बाकावर बसवून ठेवलं.

शेवटी प्लंबर आणला. तो म्हणाला, वरच्या न्हाणीघराची फरशी उखडावी लागेल. उखडली. आता भाडेकरूंनी अंघोळ कुठे करायची? तुझ्या ताईने परस्पर त्यांना खाली बोलावलं. घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं. रोज सकाळी मी खांद्यावर टॉवेल टाकून स्वतःच्याच न्हाणीघराबाहेर रांगेत उभा, आणि रांगेत मी तिसरा. तिकडे वरच्या ठोकाठोकीने आमच्या स्वयंपाकघराच्या छताचा गिलावा धाडकन खाली आला, तेव्हा चष्मेवाल्याच्या आईने परतफेड म्हणून तुझ्या ताईला स्वयंपाकाला वर बोलावलं. ती गेली. ओटा तिच्या उंचीचा होताच. मग दुपारचा चहा तिथेच, मग कट्ट्यावर बसून वाचन, मग एके दिवशी तिची उशी वर गेली. आता त्या दोघींची एक खोली आहे.

आमचं स्वयंपाकघर केव्हाच दुरुस्त झालं, पण ती परत आलेली नाही. माझा डबा चष्मेवाला दुकानात जाताना दारात ठेवतो. तिला न्यायला मी तरातरा वर गेलो, तर दार अर्धवट उघडून म्हणाली, “मालकाने आगाऊ कळवल्याशिवाय यायचं नाही. करारात तुम्हीच लिहिलंय.” ते कलम तिला दाखवून मी एकदा फुशारकी मारली होती. बघ, शेंडेफळा, खालचं घर आता फार शांत झालं आहे. वर तिघं हसतात, त्यातला तिचा आवाज मला छतातून ओळखू येतो, आणि मग जेवण जात नाही. म्हणून त्या चष्मेवाल्याला घर रिकामं करायला सांगायचं मी पक्कं केलं आहे. तो गेला की ही निमूट खाली येईल.

तेव्हा माझा सल्ला एकच. घर घेऊ नकोस. पैसे बँकेत ठेव आणि झोप. घरातल्या सर्वांना यथायोग्य सांग, आणि पाठीला जप.

तुझा,
दाजी

ता. क. पत्र पाकिटात घालणार तोच चष्मेवाला येऊन सांगून गेला की दुकानावरची जागा मिळाली, ते मायलेक पुढच्या महिन्यात घर सोडतात. मी आनंदाने (आगाऊ कळवून) वर गेलो आणि तुझ्या ताईला म्हटलं, चल आता खाली. ती म्हणाली, मी इथेच राहणार. मग मीच वर येऊ का, असं विचारलं, तर म्हणाली, “बघते. माणूस पारखून घ्यावा लागतो.” तू तिचा लाडका, तुझं ती ऐकते. मी सभ्य आहे, खुर्ची उचलून ठेवतो आणि तक्रारींची खोड सोडली आहे, अशा दोन ओळी तिला ताबडतोब लिही.

ता. क. २. वरचा सल्ला मनावर घेऊ नकोस. खालचं घर रिकामं होण्याचा संभव आहे, ते विकत घेऊन भाड्याने द्यायला तुला छान पडेल. उजेड कमी आहे आणि छताला जरा ओल आहे, पण वर राहणारी बाई फार चांगली आहे. तिच्याबरोबर आणखी कोण राहणार, ते तुझ्या पत्रावर अवलंबून आहे.