पुलाच्या अर्जातली रिकामी जागा

प्रिय लुसुंगु भाऊजी,

पत्र बघून छातीला हात लावू नका, इकडे कुणी मेलेलं नाही. म्हांगो आजोबासुद्धा नाहीत. ते अजून गावप्रमुखाच्या खुर्चीत बसून पेंगतात आणि जाग आली की समोर असेल त्याला कोंबडीचा दंड ठोठावतात. फोन केला असता, पण फोनवर तुम्ही नुसतं 'हं, बरं वहिनी, हं' करता, मग मला हसू सुटतं आणि बोलायचं ते राहूनच जातं. म्हणून लिहितेय. माझं शिक्षण गावच्या शाळेपुरतं, अक्षर कोंबडी चिखलातून चालून गेल्यासारखं. लाल पेन घेऊन बसू नका, मास्तर.

यंदा भुईमूग चांगला झालाय. तुमच्यासाठी भाजून मिनीबसवाल्याकडे देणार होते, पण म्झुझुला पोचेपर्यंत तुमच्या वाट्याला टरफलंच आली असती, त्याचे दात मी पाहिलेत. ते खायला इथे यावं लागेल. आणि तिकडे कुणी मिळाली की नाही? की अजून स्वतःच मक्याचं पीठ घोटून न्सिमा शिजवता आणि स्वतःच खाता? तुमचा न्सिमा मी एकदा खाल्लाय, भाऊजी. त्यानं भिंत लिंपता आली असती.

परवा आंब्याखाली शेंगा फोडत बसलो होतो आणि तुमची आठवण निघाली. त्याच आंब्याखाली तुम्ही कागद पसरून बसायचात ना! 'वहिनी, आपण पुलासाठी पैसे मागणार आहोत,' असं पहिल्यांदा म्हणालात तेव्हा मला वाटलं, म्झुझुचं ऊन लागलं याला. पैसे काय झाडाला लागतात? तर तुम्ही म्हणालात, जगात देणारे पुष्कळ आहेत, फक्त कोण कशाला देतो ते शोधायचं असतं. मग शोधलंत, आणि पहिलाच अर्ज पाठवलात हत्तीवाल्यांना! त्यांचं उत्तर आलं, नमस्कार, आम्ही फक्त हत्तींसाठी काम करतो. मी म्हटलं, 'भाऊजी, घाबरता काय, लिहा की आमच्या नदीपलीकडे हत्तीचं पिल्लू शाळेत जातं, त्याचे पाय भिजतात.' तुम्ही सोडून सगळं गाव हसलं. मग तुम्हीही हसलात, जरा उशिरा.

त्यानंतर तुम्हाला ते दुसरे सापडले, जे फक्त बायकांच्या गटांना द्यायचे. झालं, आपण एका दुपारात बायकांचा गट झालो. मी अध्यक्ष, शेजारची न्याचिर्वा खजिनदार, आणि म्हांगो आजोबा रुसले. 'गाव माझं, नदी माझी, आणि कागदावर माझं नाव नाही?' म्हणाले. मी म्हटलं, 'आजोबा, आमच्यासारखं कमरेला चितेंजे गुंडाळून या, घालते नाव.' दोन कोंबड्यांचा दंड झाला मला.

पण एक कबूल करते, तुम्ही ते काम शिकवलंत फार छान. समोरच्याला काय आवडतं ते आधी ओळखायचं, मग आपलं मागणं त्याच्या तोंडात बसेल असं करायचं. मी म्हटलं, अहो, हे तर आपल्याकडे मुलगी मागायला मध्यस्थ पाठवतात तसंच झालं. तो जाऊन बसतो, गुरांबद्दल बोलतो, पावसाबद्दल बोलतो, आणि खरी गोष्ट शेवटी काढतो. तुम्ही म्हणालात, 'नाही वहिनी, इथे उलटं. इथे गरज पहिल्याच पानावर सांगायची, आणि उघडी सांगायची.' तिथेच आपलं गाव अडलं. गरज उघडी कशी सांगायची, हे आपल्याला कुणी शिकवलंच नव्हतं. गावानं काय द्यायचं ते आम्ही भराभर सांगितलं, वाळू देऊ, दगड देऊ, विटा भाजू, राबू. पूल झाल्यावर त्याची काळजी कोण घेणार, तेही सांगितलं. पण 'घडलेली एखादी घटना लिहा' असं जिथे होतं, तिथे तुम्ही पेन थांबवून माझ्याकडे बघितलंत.

मी काय म्हटलं ते तुमच्या लक्षात असेल. म्हटलं, 'तुमच्या दादांनी जिवंतपणी कुणापुढे हात पसरला नाही. आता मेल्यावर त्यांना कशाला भीक मागायला पाठवता?' आणि वर हसले. तुम्ही पुन्हा दोनदा विचारलंत, एकदा विहिरीवर, एकदा चर्चमधून येताना. मी एकदा तुमच्या टकलाची मस्करी केली आणि एकदा उसिपा मासे कसे महाग झालेत ते सांगत बसले. दादा नदीत गेले एवढं तुम्हाला ठाऊक होतंच. तुम्ही तेवढंसुद्धा लिहिलं असतंत तर मी काय केलं असतं? पण तुम्ही वहिनीचा शब्द पाळलात. जागा रिकामी सोडून अर्ज पाठवलात.

तरी अर्जाला पाय फुटले आणि त्यांची एक बाई बघायला येतेय म्हणून निरोप आला. तुम्ही सगळ्यांना बसवून बजावलंत. 'बाई नदीवर आली की काही करू नका. तिला बूट काढू दे, पाण्यात उतरू दे, पाणी मांडीला लागू दे, जरा घाबरू दे.' आम्ही सगळ्यांनी मान डोलावली. मनापासून डोलावली, भाऊजी, खोटी नाही. पण मग गाडी पलीकडे थांबली, ती लिलोंग्वेची बाई उतरली, चांगली आपल्या न्याचिर्वाच्या मुलीच्या वयाची, आणि खाली वाकून बुटाची नाडी सोडायला लागली. पाहुणी आपल्या नदीवर येऊन स्वतःच्या हातानं बूट काढतेय! म्हांगो आजोबांचा चेहरा असा झाला जणू त्यांचेच कपडे कुणी उतरवतंय. त्यांनी टाळी वाजवली. चार गडी खुर्ची घेऊन पाण्यात, बाई खुर्चीवर, खुर्ची खांद्यांवर, आणि आम्ही बायका काठावर गाणं म्हणत, जिभा नाचवून किलकाऱ्या मारत, चितेंजे हवेत फिरवत. तुम्ही एकटे 'अरे थांबा, थांबा' करत होतात. तुमचा आवाज आमच्या गाण्यात कुठे ऐकू येणार!

बाई खूश. मोबाईलवर स्वतःचाच व्हिडिओ काढला. जेवताना कोंबडीचा पेटा, तो मानाचा तुकडा, तिच्याच ताटात गेला, न्सिमा दोनदा घेतला. आणि मग तिनं विचारलं, 'तुम्ही नेहमी असंच नदी ओलांडता का?' तुम्ही तोंड उघडायच्या आत म्हांगो आजोबा ताठ होऊन म्हणाले, 'बाई, माझ्या गावात कुणाचा पाय भिजत नाही.' तुम्ही माझ्याकडे बघितलंत. तेव्हा मी बोलायला हवं होतं, अध्यक्ष मी होते. पण भर जेवणात, पाहुणीसमोर, आपल्या गावप्रमुखाला खोटं पाडायचं? माझ्यानं नाही झालं. कुणाच्यानंच झालं नसतं.

उत्तर आलं ते तुम्ही आंब्याखाली उभं राहून वाचलंत. गावाकडे नदी ओलांडायची चांगली पारंपरिक व्यवस्था आहे, पुलाची गरज पुरेशी दिसून येत नाही. पैसे दुसऱ्या गावाला. आणि मग आपले लोक तुमच्यावरच उलटले, शिकलेल्याचं इंग्रजी कमी पडलं म्हणाले. म्हांगो आजोबा म्हणाले, 'अर्ज लिहिणाऱ्यानंच माती केली.' मी वातावरण हलकं करायला म्हटलं, 'चौघांनी खांद्यावर घेतल्यावर तक्रार कोण करतो? ना पाहुणी, ना मुडदा.' सगळे खदखदा हसले. तुम्ही कागदाची घडी केलीत, खिशात घातलीत आणि दुसऱ्या दिवशीची मिनीबस धरलीत. तेव्हापासून ख्रिसमसलाही नाही आलात. माझ्या किती थट्टा वाया गेल्या असतील आयुष्यात, त्याचं काही वाटत नाही. ती एक मात्र परत गिळता आली असती तर बरं झालं असतं.

बरं, आता बातमी. तावोंगा, तुमची नात हो, माझ्या लेकीची, जिला तुम्ही टोपलीत घालून फिरवायचात, ती या सप्टेंबरात शाळेत जाणार. गणवेश शिवून झालाय, निळा, पायाच्या घोट्यापर्यंत येतो कारण तिच्या आईला वाटतं मूल रात्रीत वाढतं. रोज तो घालून अंगणात शाळा-शाळा खेळते आणि मला मार्क देते. नापास करते. सध्या नदी गुडघ्याएवढी आहे, जाईल उड्या मारत. पण डिसेंबरचा पाऊस काय सप्टेंबरला विचारून येतो? तुम्हाला शाळेत कोणी नेलं ते आठवतं ना? मी नवी नवरी होते, आणि तुमचे दादा तुम्हाला खांद्यावर बसवून पाण्यात उतरायचे. तुम्ही पाटी डोक्यावर धरून, नाक गळत, राजासारखे. त्या खांद्यांवर तुम्ही इंग्रजी शिकलात. तावोंगाला न्यायला ते खांदे नाहीत. तिच्या बापाला पोहता येत नाही, आणि माझी उंची तुम्हाला ठाऊक आहे.

पलीकडच्या शाळेच्या मास्तरांनी रेडिओवर ऐकलं, आणखी कुणीतरी छोट्या पुलांसाठी अर्ज मागवतायत. ऑगस्ट संपायच्या आत हवेत. ते म्हणाले, 'आजी, तुमच्या लुसुंगुचा जुना अर्ज चांगला होता, सगळं होतं त्यात, फक्त त्याला तोंड नव्हतं.' मी घरी आले आणि चूल पेटवायला बसले. तावोंगानं विचारलं, 'आजी, आज हसत का नाहीस?'

तर आता ऐका, कारण यासाठीच कागद घेतलाय. तुमचे दादा त्या दिवशी पलीकडे गिरणीवर मका दळायला गेले होते. तुम्ही तेव्हा म्झुझुला कॉलेजात होतात. परत येईपर्यंत डोंगरात पाऊस झाला आणि पाणी लाल झालं. मी काठावरच होते, भाऊजी. मी कुणालाच सांगितलं नाही, पण होते. ते डोक्यावर पोतं घेऊन निघाले, मधे आले, पुढे आले, इतके जवळ की दाढीवरचं पीठ दिसत होतं. तेव्हा पायाखालची वाळू सरकली. ते मला म्हणाले, 'धर!' आणि पोतं माझ्याकडे फेकलं, भिजू नये म्हणून. मी दोन्ही हातांनी धरलं. पोतं जड होतं, मी त्याच्यासकट मागे पडले, आणि उठून बघितलं तर नुसतं पाणी. पोतं कोरडं होतं. मूठभर पीठसुद्धा भिजलं नव्हतं. दुखवट्याला आलेल्या लोकांना मी त्याच पिठाचा न्सिमा घातला, आणि सगळे म्हणाले, पीठ छान बारीक दळलंय. हे त्या रिकाम्या जागेत लिहा. इंग्रजीत घालताना गोड करू नका, आणि खाली माझं नाव घाला, न्यागोंद्वे, मासाउकोची बायको. मग अर्ज घेऊन स्वतः या, मास्तरांबरोबर बसून नीट करा. मात्र पाहुण्यासारखे येऊ नका, तुम्हाला कुणी खुर्चीवरून आणणार नाही. चपला हातात घ्या आणि घरच्या माणसासारखे पाण्यातून चालत या. मी काठावर उभी असेन, हात मोकळे ठेवून.

तुमचीच,
न्यागोंद्वे वहिनी