हिरड्या उतरेपर्यंत

४ फेब्रुवारी १९९६
आमच्या बसवेशसाठी नांदूरघाटची मुलगी पाहिली. रंग ठीक, शिक्षण ठीक. हसली तर दातांआधी हिरड्याच दिसल्या. तिच्या बापाला तिथेच सुनावले, पोरीला तोंड मिटून हसायला शिकवा. पोरगी रडत आत गेली. स्पष्ट बोलणे हा माझा स्वभाव आहे. चौसाळ्याला परतताना मध्यस्थ बसप्पामामा जीपभर माझ्याच तोंडाकडे बघत होते. कौतुक वाटले असणार.

११ फेब्रुवारी
गंगासागर म्हणते, आरशात बघा, तुमच्याच हिरड्या दातांवर चढल्यात. बायकोला नवऱ्याचे दोष बरे दिसतात. बघितले. थोड्या चढल्यात. अंग धरतोय मी, दुसरे काय.

१५ फेब्रुवारी
बीडला दातांच्या डॉक्टरकडे. पोरगेलासा आहे. म्हणाला, बीपीच्या गोळीने होतं असं. ज्यांनी दिली त्यांच्याकडून बदलून घ्या, मनाने बंद करू नका. मऊ ब्रश वापरा. मी म्हटले, हळू बोला, बाहेर आमच्या गावची माणसे बसलीत. बीपीचे घराबाहेर कोणाला माहीत नाही. नवरदेवाचा बाप आजारी कळले की सोयरीक मोडते.

१६ फेब्रुवारी
मऊ ब्रश बायकांना. मी तुरटी आणि मीठ, बोटाने, जोर लावून. रक्त आले. वाईट रक्त निघून जातेय.

२५ फेब्रुवारी
पाटोद्याचे पाहुणे घर बघायला आले. मुलगी शिवकन्या, बसवेशला फार आवडली आहे. बोलणी रंगात आली. मी एक जोक केला आणि स्वतःच मोकळा हसलो. सगळ्यांची नजर माझ्या हिरड्यांवर. मुलीच्या चुलत्याने बसप्पामामांना अंगणात नेऊन विचारले, हे घराण्यात हाय का? उद्या पोराला बी असंच हुईल का? खरे सांगावे तर बीपी उघडे पडते. मीच बाहेर जाऊन म्हटले, चहा गरम होता, सुजल्यात. पाहुणे म्हणाले, महिन्याने बघू. बसवेश जेवला नाही.

२६ फेब्रुवारी
गोळी बंद. डॉक्टर बदला म्हणाला होता, बंद हा बदलच झाला. साखरपुडा उरकला की पुन्हा सुरू. गंगासागर रोज सकाळी गोळी हातावर ठेवते, मी ती खिशात टाकतो.

१७ मार्च
उतरल्या. दात दिसायला लागले. दुकानात गिऱ्हाइकांकडे बघून मुद्दाम हसतो. डोके ठणकते, ते उन्हाने. नांदूरघाटच्या पोरीला बँकेतला मुलगा मिळाला म्हणे, हिरड्यांसकट. लोकांना पारख राहिली नाही.

२४ मार्च, सकाळी
पाहुणे दुपारी येणार. उजवा हात जड आहे. झोपेत अंगाखाली आला असेल. हसण्याची प्रॅक्टिस झाली.

२ मे
डाव्या हाताने लिहितोय. लकवा. उजवीकडून तोंड ओघळलेय, लाळ गळते, बोलता येत नाही. बीपी गावभर झाले.
तरी लग्न जमले. बसवेशने पाटोद्याला जाऊन सगळे सांगून टाकले. चुलता म्हणाला म्हणे, एवढंच होतं तर आधी काहून न्हाई सांगितलं? आमच्या आण्णांना बी बीपी हाय.
आज साखरपुडा. मी मागच्या खोलीत. हिरड्या एकदम उत्तम. आत्ताच गंगासागर पदराने लाळ पुसून गेली. म्हणाली, शिवकन्या पाया पडायला येतीय, जरा तोंड मिटून बसा.
मिटत नाही.